खणखणीत की बद्द? न पाहता घ्यायच्या सायकलीची कथा

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावातील व्यायामशिक्षकांचा आम्हाला फोन आला. त्यांच्या शाळेतील नववीतली एक मुलगी सायकल शर्यतीत राज्य पातळीपर्यंत पोहोचली होती. जड लोखंडी सायकलीवर यापुढे तिचा निभाव लागणे कठीण होते. शिक्षकांनी आणि गावातल्या काही मंडळींनी वर्गणी काढून पन्नास हजार रुपये जमवले होते. शर्यतीची नवी कार्बन सायकल तेवढ्या पैशांत मिळत नव्हती. मात्र दुसऱ्या राज्यातील एक गृहस्थ आपली चार वर्षे वापरलेली कार्बन सायकल या किमतीला द्यायला तयार होते. सायकल हजारभर किलोमीटर दूर होती आणि हातात होती ती फक्त दहा-बारा छायाचित्रे. "सर, फोटोत तर कुठे ओरखडासुद्धा दिसत नाही. पैसे पाठवू का?" असा त्यांचा प्रश्न होता.

आम्ही संमिश्र पदार्थांवर काम करतो. सायकलींचे आम्ही जाणकार नाही. परंतु 'ओरखडा दिसत नाही' या वाक्याशी आम्ही अडखळलो. लोखंडी सायकलीच्या बाबतीत हे वाक्य अर्थपूर्ण आहे. लोखंडी नळीला मार बसला की ती वाकते, चेपते, तिच्यावर पोचा पडतो. झालेली इजा ती लपवत नाही. कार्बनच्या बाबतीत असे का म्हणता येत नाही, हे समजून घ्यायचे तर या पदार्थाचा इतिहास पाहावा लागतो. या इतिहासात पदार्थ आधी आला आणि त्याची परीक्षा कशी करायची हे माणूस मागाहून शिकला.

मडके, रुपया आणि रेल्वेचे चाक

जुन्या पदार्थांची परीक्षा आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. उन्हाळ्यात माठ घ्यायला गेलेली बाई तो नुसता पाहून घेत नाही. बोटाच्या पेराने वाजवून घेते. आवाज खणखणीत आला तर माठ पक्का, बद्द आला तर कुठेतरी चीर आहे. चांदीचा रुपयाही असाच दगडावर टाकून पारखला जाई. गाडी स्टेशनात थांबली की लांब दांड्याच्या हातोडीने चाके ठोकत जाणारा रेल्वेचा कामगार पुष्कळ वाचकांना आठवत असेल. तोही हीच परीक्षा घेत असे.

या तिन्ही परीक्षांमागचे तत्त्व एकच आहे. ठोकल्यावर सबंध वस्तू आपल्या नैसर्गिक वारंवारितेने कंप पावते. चीर असेल तर तिच्या दोन कडा एकमेकींवर घासतात, कंपनाची ऊर्जा तिथे खर्ची पडते आणि नाद लवकर विरतो. म्हणजे डोळ्यांना न दिसणारी चीर कानांना कळते. मात्र त्यासाठी वस्तू हाताशी असावी लागते.

धाग्यापासून तंतूपर्यंत

कार्बनचा धागा माणसाला एकोणिसाव्या शतकातच माहीत झाला होता. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान आणि अमेरिकेत थॉमस एडिसन यांनी १८७९ च्या सुमारास विजेच्या दिव्यात कार्बनचाच धागा वापरला. एडिसनने आधी सुती दोरा आणि पुढे बांबूच्या काड्या हवेविना भाजून तो तयार केला. हे धागे ठिसूळ होते. त्यांनी प्रकाश द्यावा एवढीच अपेक्षा होती. भार पेलण्याचा प्रश्नच नव्हता.

भार पेलणारा तंतू पुढे आला तो अपघाताने. १९५८ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात, युनियन कार्बाइडच्या पार्मा येथील प्रयोगशाळेत रॉजर बेकन हे भौतिकशास्त्रज्ञ अतिउच्च तापमान व दाब यांखाली ग्रॅफाइट कसे वितळते याचा अभ्यास करत होते. विजेच्या कमानीत साठलेला थर फोडून पाहिला, तेव्हा त्यात त्यांना केसाहून बारीक, लवचीक तंतू दिसले. त्यांची ताण सोसण्याची ताकद पोलादाच्या कितीतरी पट होती. पण ते इतके महाग पडत की त्यांतून काही वस्तू बनवण्याचा विचारही शक्य नव्हता.

स्वस्त वाट जपानमध्ये सापडली. ओसाका येथील सरकारी औद्योगिक संशोधन संस्थेत अकिओ शिंदो यांनी १९६० च्या आसपास पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्यापासून कार्बन तंतू तयार केले. स्वेटरच्या कृत्रिम लोकरीत असतो, त्याच जातीचा हा धागा. पाठोपाठ १९६३-६४ मध्ये इंग्लंडमधील फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत विल्यम वॉट, लेस्ली फिलिप्स आणि जॉन्सन यांनी एक महत्त्वाची युक्ती वापरली. धागा दोन-तीनशे अंश सेल्सिअसला हवेत तापवताना त्यांनी तो ताणून धरला, आकसू दिला नाही. त्यामुळे रेणू तंतूच्या लांबीला समांतर राहिले. पुढे हवेविना हजार अंशांच्या वर भाजल्यावर कार्बनचे पापुद्रेही त्याच दिशेने रचले गेले आणि तंतू लांबीच्या दिशेने विलक्षण ताठ व बळकट झाला. त्याची घनता पोलादाच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी असते.

'लांबीच्या दिशेने' हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. पुढची सगळी अडचण त्यांच्यातच दडलेली आहे.

कोंबडीने घेतलेली परीक्षा

नव्या तंतूने सर्वांत मोठी आशा लावली ती रोल्स-रॉइस या इंजिने बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीला. आपल्या आरबी २११ या जेट इंजिनाच्या पुढच्या पंख्याची पाती तिने कार्बन तंतू आणि राळ यांच्या संमिश्राची केली. वजनात मोठी बचत होणार होती. ताण, वेग, तापमान यांचा हिशेब कागदावर जमत होता.

विमानाच्या इंजिनात पक्षी शिरतात. म्हणून नव्या इंजिनावर तोफेसारख्या नळीतून मेलेली कोंबडी वेगाने सोडून पाहतात. मे १९७० मध्ये ही चाचणी झाली आणि पाती फुटली. तंतू लांबीच्या दिशेने प्रचंड ताण सोसत होता, पण आडव्या आघातापुढे संमिश्राचा टिकाव लागला नाही. कंपनीला टायटेनियमच्या पात्यांकडे वळावे लागले. इंजिनाच्या एकूण विकासाचा खर्च आधीच हाताबाहेर गेला होता. त्यात ही भर पडली. ४ फेब्रुवारी १९७१ रोजी रोल्स-रॉइसने दिवाळे जाहीर केले आणि ब्रिटिश सरकारला कंपनी ताब्यात घ्यावी लागली.

येथे कोणी कोणाला फसवले नव्हते. बनवणाऱ्यांनाच आपल्या पदार्थाची ही बाजू पुरती कळलेली नव्हती. कार्बन संमिश्राची पाती प्रवासी विमानांच्या मोठ्या इंजिनात रुळायला १९९५ साल उजाडले. जीई ९० या इंजिनाच्या त्या पात्यांच्या पुढच्या कडेला टायटेनियमची पट्टी बसवली होती. पक्ष्याचा मार तिने झेलायचा होता.

तंतू सायकलीवर येतो

विमानांनी सावध पवित्रा घेतल्यावर हा पदार्थ आधी खेळांच्या साहित्यात शिरला. गोल्फच्या काठ्या आणि मासेमारीचे गळ ही त्याची सुरुवातीची गिऱ्हाइके. १९७० च्या दशकाच्या मध्यात एक्झॉन या तेल कंपनीच्या ग्राफटेक सायकली आल्या. त्यांत कार्बनच्या नळ्या धातूच्या सांध्यांत डिंकाने, म्हणजे इपॉक्सीने, चिकटवलेल्या होत्या. १९८६ मध्ये फ्रान्सच्या लुक कंपनीच्या कार्बन नळ्यांच्या सायकली 'टूर द फ्रान्स'मध्ये धावल्या. त्या वर्षी ग्रेग लेमाँड ही शर्यत जिंकणारे पहिले अमेरिकी ठरले. त्याच वर्षी अमेरिकेत केस्ट्रेलने धातूचे सांधे नसलेली, साच्यात घडवलेली कार्बनची चौकट बाजारात आणली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमन यांनी लोटसच्या एकसंध कार्बन सायकलीवर चार हजार मीटर पाठलाग शर्यतीचे सुवर्णपदक मिळवले आणि ही सायकल जगभर घरोघरी दूरदर्शनवर दिसली.

आज शर्यतीच्या सायकलीची कार्बन चौकट एक किलोच्या आसपास भरते. अशा सायकली दर दोन-तीन वर्षांनी बदलणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. म्हणून जुन्या कार्बन सायकलींचा मोठा बाजार उभा राहिला आहे, आणि तो बहुतांशी छायाचित्रांवर चालतो.

पदर सुटतात तेव्हा

आता व्यायामशिक्षकांच्या छायाचित्रांकडे येऊ. एक कार्बन तंतू साधारण सात मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा असतो. असे असंख्य तंतू राळेत भिजवून पातळ पदर तयार करतात आणि वेगवेगळ्या दिशांचे पदर एकावर एक रचून, दाब व उष्णता देऊन नळी घडवतात. पदराच्या आत तंतू भार घेतात. दोन पदरांच्या मध्ये मात्र फक्त राळ असते. तिथे तंतूच नसल्याने तोच या पदार्थाचा दुबळा भाग होय.

नळीवर दगड उडाला किंवा सायकल कठड्यावर आपटली, तर काय होते? पोलाद अशा वेळी कायमचे वाकून ऊर्जा पचवते. कार्बन संमिश्र तसे वाकत नाही. ते क्षणभर लवते, पुन्हा मूळ आकारात येते आणि वरचा रंग जसाच्या तसा राहतो. पण लवताना आतले पदर एकमेकांवर सरकू पाहतात आणि मधली राळ तडकते. घडीच्या पोळीचे पदर सुटावेत तसे हे पदर सुटतात. ही इजा आघाताच्या जागेपासून आत जावी तशी पसरत जाते, म्हणजे पृष्ठभागावर सर्वांत कमी आणि आतल्या बाजूला सर्वांत जास्त. नळीची आतली बाजू तर कोणालाच दिसत नाही.

पदर सुटल्याने काय बिघडते, हे वर्गात दाखवता येईल. जुन्या पोस्टकार्डांचे दोन सारखे गठ्ठे घ्यावेत. एका गठ्ठ्यातील पत्रे खळीने एकमेकांना चिकटवून पूर्ण वाळू द्यावीत, दुसरा गठ्ठा सुटा ठेवावा. दोन्ही गठ्ठे दोन पुस्तकांच्या मध्ये पुलासारखे ठेवून मधोमध सारखे वजन ठेवावे. पत्रे तितकीच असूनही सुटा गठ्ठा कितीतरी जास्त वाकतो. कार्बनच्या नळीवर दाब आला की सुटलेले पातळ पदर असेच एकेकटे वाकतात, आणि मग ती एकाएकी तुटू शकते. सायकलीच्या पुढच्या चिमट्याच्या बाबतीत असे झाले, तर उतारावर स्वार थेट तोंडावर आपटतो. राज्य पातळीवरची मुलगी घाट उतरताना ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगाने जाते. शिक्षकांचा प्रश्न पन्नास हजारांपुरता नव्हता, तो असा.

विमान अभियंत्यांनी या इजेला 'जेमतेम दिसणारी आघाताची इजा' असे नावच दिले आहे. विमानाचा भाग आखताना ते अशी इजा झालेलीच आहे असे धरून चालतात आणि तरीही तो भाग पुरेसा भार पेलतो हे सिद्ध करावे लागते. सायकलींसाठीही आयएसओ ४२१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात चौकटीवर आघाताच्या आणि थकव्याच्या चाचण्या होतात. पण त्या नव्या नमुन्यावर. चार वर्षे वापरलेल्या विशिष्ट सायकलीविषयी त्या काही सांगत नाहीत.

नाण्याची टकटक

मग आतले पाहायचे कसे? १९२८ च्या सुमारास लेनिनग्राडमध्ये सर्गेई सोकोलोव्ह यांनी धातूतील दोष शोधण्यासाठी श्राव्यातीत ध्वनी वापरण्याची कल्पना मांडली. १९४० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या फ्लॉइड फायरस्टोन यांनी ध्वनीचा लहानसा स्पंद पाठवून त्याचा प्रतिध्वनी त्याच बाजूने टिपणाऱ्या उपकरणाच्या एकस्वासाठी अर्ज केला. चिरेतल्या हवेवरून ध्वनी जवळजवळ पूर्ण परत फिरतो. तो वेळेआधी परतला की आत फट आहे असे समजते. रुग्णालयातील सोनोग्राफीचे तत्त्व हेच. कार्बन चौकटी दुरुस्त करणाऱ्या काही कार्यशाळांत हे उपकरण असते, पण तालुक्याच्या गावी ते मिळणार नाही.

उपकरण नसेल तिथे कारागीर जुनीच युक्ती वापरतात. ते नाण्याने चौकट ठोकत जातात. वर्षानुवर्षे ही परीक्षा अनुभवाच्या जोरावर चालत होती. तिचे शास्त्र १९८८ मध्ये पीटर कॉली आणि आर. डी. अ‍ॅडम्स या ब्रिटिश अभियंत्यांनी एका निबंधात उलगडून दाखवले. माठ वाजवताना आपण सबंध माठाचा नाद ऐकतो; नाण्याच्या परीक्षेत मात्र आपण फक्त ठोकलेल्या जागेची चौकशी करतो. खाली पदर सुटलेले असतील तर वरचा पातळ पदर मऊ स्प्रिंगसारखा वागतो. नाणे त्या जागी जरा जास्त वेळ टेकून राहते आणि आघाताचे सर्वोच्च बल कमी होते. आघात लांबला की उंच वारंवारितेचे स्वर त्यातून निघतच नाहीत, म्हणून आवाज बद्द येतो. शाळेच्या फरशीवर हा प्रयोग सहज होतो. खालचा सिमेंट सुटलेली फरशी नाण्याने ठोकली की मुलांना ती डोळे मिटूनही ओळखता येते.

या परीक्षेला मर्यादा आहेत. सांध्याजवळ नळी जाड असते, तिथे आवाज मुळातच वेगळा येतो. म्हणून डाव्या बाजूची तुलना उजव्या बाजूच्या त्याच जागेशी करावी. लहान व खोलवरची इजा टकटकीला सापडेलच असेही नाही.

विकणाऱ्याला तरी माहीत असते का?

जुन्या मालाच्या बाजाराचा विचार अर्थशास्त्रातही झाला आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो नाकारला, कारण काहींना विषय क्षुल्लक वाटला. १९७० मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मालातला दोष विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. म्हणून घेणारा सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीला चांगला माल विकणे परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि खराब माल तेवढा उरतो. या निबंधात भारतही आहे : बाजारातल्या तांदळात मुद्दाम मिसळलेले खडे निवडत बसणाऱ्या गृहिणीचे उदाहरण त्यांनी दिले आहे. उपाय म्हणून त्यांनी हमी, नावलौकिक आणि परवाने यांसारख्या व्यवस्थांकडे लक्ष वेधले.

कार्बन सायकलीची अडचण याच्याही एक पाऊल पुढची आहे. येथे विकणारा सज्जन असला तरी त्यालाही आतले माहीत नसते. सायकल भिंतीवरून घसरून पडली, उचलून ठेवली, कुठे ओरखडा नाही. तो ही गोष्ट विसरूनही जातो. म्हणजे प्रश्न केवळ प्रामाणिकपणाचा नाही. दोघेही सारखेच अंधारात असतील तर दोघांनाही मान्य होईल अशी परीक्षा मध्ये असावी लागते.

आम्ही शिक्षकांना तेच सांगितले. 'सायकलीत काही दोष आहे का?' असे विचारू नका, 'ती कधी पडली होती का, कुठे आणि कशी?' असे विचारा. पुढचा चिमटा काढून त्याची वरची नळी पाहायला सांगा. हँडलची पकड तिथे बसते, पेच जास्त आवळला तर तिथेच चीर जाते, आणि एरवी ती जागा झाकलेली असते. अ‍ॅल्युमिनियमची सीटची दांडी चौकटीत अडकून बसलेली नाही ना, तेही पाहा, कारण घामाचे खारट पाणी आत गेले की कार्बनला लागून असलेले अ‍ॅल्युमिनियम गंजते. हे सगळे तिथल्या एखाद्या कारागिराकडून करवून घ्या, त्याची मजुरी तुम्ही द्या, आणि पैसे त्यानंतर पाठवा.

विकणाऱ्या गृहस्थांनी कुरकुर न करता सायकल दुकानात नेली. चिमटा काढल्यावर वरच्या नळीवर पकडीच्या रेषेत आडवी बारीक चीर निघाली. ती पाहून तेच अधिक हादरले, कारण आदल्याच आठवड्यात त्यांनी त्या सायकलीवर घाट उतरला होता. चौकटीच्या टकटकीत कारागिराला दोन्ही बाजूंत फरक आढळला नाही. नव्या चिमट्याची किंमत वजा करून व्यवहार झाला.

चौकट पूर्ण निर्दोष आहे, असे आम्ही आजही छातीठोकपणे सांगणार नाही. म्हणून सायकल आल्यावर शाळेने एक काम सुरू केले आहे. नववीच्या मुलांनी चौकटीचे चित्र काढून त्यावर चाळीस जागांना क्रमांक दिले. दर तीन महिन्यांनी त्या चाळीस जागा एकाच नाण्याने ठोकून आवाज मोबाइलवर नोंदवायचा आणि आधीच्या नोंदीशी ताडून पाहायचा. एखादी जागा बदललेली आढळली तर सायकल थांबवायची आणि तज्ज्ञाला दाखवायची. आतापर्यंत तीन नोंदी झाल्या आहेत. वही मुलीकडे असते. शर्यतीच्या आदल्या दिवशी ती स्वतः पुन्हा एकदा चिमटा ठोकून पाहते, असे तिचे शिक्षक सांगतात.